शाळेचे दार, वाट आणि निवारा

यंदाच्या स्मरणिकेसाठी शिक्षणाच्या इतिहासाविषयी चार शब्द लिहावेत, अशी आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिक व पुढे डी.एड. एवढेच शिकलेले. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून सदतीस वर्षे खडू झिजवून निवृत्त झालो. विद्वत्तेचा दावा आम्ही करीत नाही. तथापि एक प्रश्न आमच्या मनात बरीच वर्षे घोळत आहे व तो आजच्या घडीला आपल्या मंडळापुढेही उभा आहे. सबब तोच येथे मांडतो. आपल्या मुलाने कोणत्या शाळेत जावे, हे ठरविण्याची मुभा महाराष्ट्रात कोणाकोणाला, केव्हा आणि कशामुळे मिळाली, हा तो प्रश्न होय.

हल्ली ज्ञातिबांधवांच्या बैठकीत मुलांच्या शाळेचा विषय निघाला की अमुक शाळा चांगली, तमक्या शाळेची बस दारात येते, अशी चर्चा चालते. शाळा निवडणे ही जणू बाजारात कापड पसंत करण्यासारखी गोष्ट होऊन बसली आहे. आपण शिंपी लोक. ठाण उलगडून पाहिल्याखेरीज कापडाची पारख होत नाही, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. तद्वतच शाळेच्या या निवडीचे ठाणही थोडे मागे उलगडून पाहिले पाहिजे.

दाराचा प्रश्न

पहिला प्रश्न होता तो शाळेच्या दाराचा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली व पुढे चारपाच वर्षांच्या आतच महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या, हे आपण जाणतोच. परंतु सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेचे दार कोणासाठी उघडे, याचा निकाल तोपर्यंत लागलेला नव्हता. जून १८५६ मध्ये धारवाड येथील एका महार मुलाने सरकारी शाळेत आपणांस घ्यावे, असा अर्ज केला. धारवाड आज कर्नाटकात असले तरी तेव्हा ते मुंबई इलाख्यात मोडत असे. एका मुलाला प्रवेश दिला, तर बाकीची मुले शाळा सोडून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, अशा आशयाचे कारण देऊन मुंबई सरकारने त्याला नकार दिला. प्रकरण वरपर्यंत गेले, वरिष्ठांनी नापसंती कळविली, आणि १८५८ साली सरकारने तत्त्व जाहीर केले की जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशाने चालते, ती सर्व वर्गांच्या मुलांना खुली राहील.

तत्त्व कागदावर आले. दार मात्र उघडले नाही. त्या अनाम मुलाचे पुढे काय झाले, हे इतिहासाने नोंदविलेले नाही. १८८२ च्या हंटर आयोगानेही तेच तत्त्व पुन्हा उच्चारले, पण जोडीला अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याची वाटही दाखवून दिली. याच आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन सादर केले व बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा खर्च करते आणि ज्यांच्या करातून तो येतो त्या रयतेची मुले निरक्षर राहतात, ही त्यांची तक्रार होती.

दार उघडणे म्हणजे काय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणावरून ध्यानी येते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. नाव पटावर आले खरे. परंतु बसावयाचे तरट घरून न्यावे लागे, वर्गात निराळे बसावे लागे व शिपायाने नळ उघडल्यावाचून पाण्याचा घोटही मिळत नसे. पुढे वडील मुंबईस आले, म्हणून त्यांना एल्फिन्स्टन हायस्कुलात जाता आले व १९०७ साली ते मॅट्रिक झाले. वडिलांनी गाव बदलले नसते, तर शाळा बदलली नसती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, तेव्हा सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळांबरोबरच सरकारी शाळाही अस्पृश्य गणलेल्या वर्गांना खुल्या असाव्यात, असे म्हणावे लागले. १८५८ चे तत्त्व १९२३ साली पुन्हा सांगावे लागले, यातच सारे आले.

वाटेचा व निवाऱ्याचा प्रश्न

दुसरा प्रश्न आपल्यासारख्या गावोगाव विखुरलेल्या समाजाला अधिक जवळचा आहे. आपल्याला शाळेच्या दारात कोणी अडविले असे सहसा झाले नाही. परंतु शाळाच गावात नव्हती. गावात आपली घरे दोन, फार तर चार. गावची शाळा चौथीपर्यंत, क्वचित सातवीपर्यंत. पुढे शिकावयाचे तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाणे आले, आणि तेथे राहावयाचे कोठे व जेवावयाचे कोठे, या दोन प्रश्नांपाशी आपल्या कित्येक हुशार मुलांचे शिक्षण संपले व त्यांचा हात कात्रीकडे वळला.

अंतराचा त्रास कोणालाही चुकलेला नव्हता. धोंडो केशव कर्वे यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे की, दापोलीजवळच्या मुरुडहून इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेले. वाट शंभराहून अधिक मैलांची. तेथे पोहोचल्यावर, वय लहान दिसते, या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. तथापि शहरात गेलेल्या ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान वार लावून किंवा माधुकरी मागून जेवण्याची एक रूढ सोय होती. इतरांच्या मुलांना तीही नव्हती. कुणब्याचा, शिंप्याचा, धनगराचा मुलगा शहरात आला तर त्याला ओटीवर घेणारे घर मिळणे दुरापास्त. मग शाळेचे दार उघडे असून उपयोग काय?

हे मर्म राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. पुढील काही वर्षांत मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, सारस्वत अशा एकामागून एक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, आणि त्याच सुमारास आपल्या ज्ञातीसाठी नामदेव बोर्डिंगही सुरू झाले. महाराजांनी कोणाला जागा दिली, कोणाला इमारत, कोणाला वार्षिक अनुदान. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. सक्तीच्या बाबतीत बडोद्याचे सयाजीराव महाराज याही आधीचे. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली सर्व संस्थानात ती लागू केली होती. पण राहण्याच्या सोयीकडे शाहू महाराजांनी जितके लक्ष दिले, तितके फारच थोड्यांनी दिले असेल.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. कोल्हापुरात वसतिगृहे ज्ञातिनिहाय होती, परंतु हायस्कूल सर्वांचे एकच होते. महाराजांनी प्रत्येक समाजाला आपल्या मुलांच्या जेवण्याखाण्याची जबाबदारी उचलावयास लावली, आणि मुले मात्र एका बाकावर आणून बसविली. वसतिगृह ही वाटेवरची धर्मशाळा होती. मुक्कामाचे गाव ती नव्हती.

या व्यवस्थेतील उणीवही तेथेच दिसून आली, आणि ती एका विद्यार्थ्यानेच दाखविली. भाऊराव पाटील हे कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला व त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या गृहस्थांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी वसतिगृह सुरू केले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंगतीला जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी पैसा संपला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडावयास दिले. आपल्या ज्ञातीची नव्हेत, पोटची नव्हेत, अशा मुलांसाठी एका गृहिणीने हे केले. यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही.

आमचे बोर्डिंग

आता आपल्या घरचे सांगतो. आमचे वडील खेड्यात एका शिलाईयंत्रावर आठ जणांचे कुटुंब चालवीत. आम्ही सातवी झालो तेव्हा हायस्कूल नऊ मैलांवर होते. वडील म्हणाले, “बाळ, काजे-बटणे तुला येतात, आता कटिंग शीक.” त्यांचा दोष नव्हता. त्याच सुमारास मंडळाच्या एका वृद्ध सभासदांनी, जे लग्नाचे कपडे बेतण्याच्या निमित्ताने आमच्या गावी आले होते, जिल्ह्याच्या ठिकाणी आपले बोर्डिंग आहे असे सांगितले. तेथे फी नव्हती. दरमहा पायलीभर ज्वारी, थोडी डाळ व जमेल तेवढे तेल द्यावे लागे. गृहपती कडक होते. पहाटे पाचला घंटा होई. एका खोलीत सहा मुले, सहा ट्रंका व एकच दिवा. शनिवारी आईने दिलेला डबा एस.टी.च्या वाहकाकडे येई. त्यातील चटणी सहा जणांत संपे. १९७६ साली आम्ही मॅट्रिक झालो. त्या बोर्डिंगाची खोली मिळाली नसती, तर आम्ही हा लेख लिहिण्याऐवजी आज कोणाच्या तरी सदऱ्याला काजे करीत बसलो असतो. त्या धंद्यात कमीपणा आहे असे आम्ही मानीत नाही. परंतु तो आम्ही निवडलेला नसता, एवढेच.

मात्र याच जागी एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या दोन बहिणी आमच्याहून हुशार होत्या. त्यांच्यासाठी बोर्डिंग नव्हते. त्या चौथीनंतर घरी बसल्या. त्या काळी ते कोणालाच खटकले नाही, आम्हांसही नाही.

दाखल्याचा प्रश्न

तिसरा प्रश्न कागदाचा आहे, आणि त्यात आम्ही स्वतः अपराधी आहोत. १९८५ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही एका दुशिक्षकी शाळेवर मुख्याध्यापकाचे काम पाहत होतो. गावाजवळ रस्त्याचे काम चालू होते. खडी फोडणाऱ्या कुटुंबातील एक बाई आपल्या मुलीला हाताशी धरून शाळेत आली. मुलगी आठनऊ वर्षांची. आम्ही पुस्तक पुढे केले, तिने धडा अडखळत का होईना वाचून दाखविला. परंतु मागील शाळेचा दाखला तिच्याजवळ नव्हता. तो तीन जिल्हे पलीकडे राहिला होता. दाखल्याशिवाय जनरल रजिस्टरला नाव घ्यावयाचे नाही, अशी त्या वेळची शिस्त, आणि शिस्तीचे आम्हांस मोठे भूषण. आम्ही सांगितले, “बाई, आधी दाखला आणा.” ती बरे म्हणाली. मुलीने पुस्तक बंद करून टेबलावर नीट सरळ ठेवले व दोघी गेल्या. पंधरा दिवसांनी रस्त्याचे काम पुढे सरकले आणि पाले उठली. दाखला आला नाही, मुलगीही आली नाही. तिला वर्गात नुसते बसू दिले असते तर आमचे काय बिघडले असते, हा प्रश्न आम्हांस तेव्हा सुचला नाही. पुढे मात्र तो वारंवार सुचत राहिला.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे पाचवे कलम आम्ही प्रशिक्षणात प्रथम वाचले, तेव्हा वरील प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या कलमाने मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बदलून जाण्याचा हक्क दिला. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा असे सांगितले. आणि दाखला येण्यास उशीर झाला, या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश नाकारू नये किंवा लांबवू नये, असेही स्पष्ट केले. ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना या एका कलमाचे मोल किती, हे गावच्या शिक्षकाला विचारावे. बीडसारख्या जिल्ह्यांत आईवडील ऊसतोडीला गेले असता मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे निघाली, ती याच विचाराने. तेथेही कायद्याच्या जोडीला अखेर निवारा लागलाच.

आजची निवड

याच कायद्याने खाजगी शाळांतील पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या बंधनातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरविला व सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो निकाल कायम ठेवला. जवळ शाळा आहे, तेव्हा गरिबाने तेथेच जावे. श्रीमंताने मात्र हवी ती निवडावी, हा भेद न्यायालयाला मान्य झाला नाही, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

परंतु निवडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांना बसचे भाडे परवडते, ते गावची शाळा सोडून जातात; पट घटतो. पट घटला की शिक्षक कमी होतो, आणि शिक्षक कमी झाला की उरलेलेही जातात. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून तेथील मुलांना जवळच्या शाळेत समाविष्ट करण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला, तेव्हा त्यावर मोठा गदारोळ उठला. जे निवड करून गेले त्यांचे काही अडत नाही. ज्यांना निवडच नव्हती त्यांची वाट मात्र लांबते, आणि वाट लांबली की प्रथम घरी बसते ती मुलगी. एस.टी.चा मोफत पास व काही तालुक्यांतून धावणाऱ्या मानव विकासच्या गाड्या यांनी हजारो मुलींची शाळा टिकविली, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. परंतु जेथे गाडी पोहोचत नाही, किंवा पोहोचते पण संध्याकाळी परतत नाही, तेथे आजही जवळ राहण्याची सोय हाच एक उपाय आहे.

म्हणूनच मंडळाला विनंती

हे सर्व लांबण लावण्याचे कारण आता सांगतो. आपल्या बोर्डिंगात एके काळी साठ मुले राहत. आज तेथे अकरा आहेत. आपल्या समाजातील बरीच कुटुंबे शहरात स्थिरावली, त्यांना बोर्डिंगाची गरज उरली नाही. ही आनंदाचीच गोष्ट होय. यास्तव ती इमारत पाडून तेथे मंगल कार्यालय बांधावे, अशी सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. सूचना करणारे आमचे स्नेही आहेत व त्यांचा हेतू मंडळाचे उत्पन्न वाढावे असाच आहे. तथापि आम्हांस ती पटत नाही.

खोल्या रिकाम्या आहेत, परंतु त्या खोल्यांची गरज संपलेली नाही. ती केवळ आपल्या उंबऱ्याबाहेर गेली आहे. जिल्ह्याच्या दूरच्या खेड्यांतून अकरावी-बारावीसाठी येऊ पाहणाऱ्या मुली आहेत. त्यांपैकी काही आपल्या ज्ञातीच्या असतील, बहुसंख्य नसतील. वरच्या मजल्यावर मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृह करावे, तेथे एक कर्तव्यदक्ष गृहप्रमुख बाई नेमाव्यात, आपल्या मुलींना अग्रक्रम द्यावा आणि उरलेल्या जागी कोणत्याही जातीच्या गरजू मुलीला घ्यावे. खालचे सभागृह मंडळाने सुट्टीच्या दिवसांत समारंभांसाठी अवश्य भाड्याने द्यावे व ते उत्पन्न वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघराला लावावे. असे केल्यास हिशेब बसेल, असे कोषाध्यक्षांनीही आम्हांस खाजगीत सांगितले आहे.

कोणी म्हणतील, ज्ञातीच्या पैशाने परक्यांची मुले का पोसावीत? त्यांना आमचे नम्र उत्तर असे. आपल्या ज्ञातीची मुले शिकली ती काही केवळ आपल्या पैशाने शिकली नाहीत. कोल्हापूरच्या गादीचा पैसा, रयतेचा कर, साताऱ्याच्या एका माउलीचे दागिने, यांचा वाटा या राज्यातील प्रत्येक शिकलेल्या घरात कोठे ना कोठे आहे. नामदेव महाराजांचे नाव सांगणाऱ्यांनी पंगतीत भेद करावा, हे त्या नावालाही शोभणार नाही.

आमच्या दोन्ही बहिणी आज हयात आहेत. परवा थोरलीला आम्ही या सूचनेविषयी सांगितले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “खोली माडीवरची असेल, तर पोरींना उजेड चांगला मिळेल.” ज्या खोलीत तिला कधी राहावयास मिळाले नाही, तिच्या उजेडाची काळजी ती करीत होती.

पहिल्या वर्षी एका मुलीच्या जेवणाचा वर्षाचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ, असे येथे लिहून देतो. मुलगी कोणत्या जातीची, हे आम्हांस कळविण्याची आवश्यकता नाही. तिच्याजवळ दाखला नसला तरी चालेल. तो मिळवून देण्याची खटपट आम्ही करू. येत्या सभेस ज्ञातिबंधू व भगिनींनी अगत्याने उपस्थित राहून याचा शांतपणे विचार करावा, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.